रॉइसच्या पाच बंदुका

"थोडे दिवस ठेव," रॉइस म्हणाला. "घराला रंग काढायचाय."

जुलैची दुपार होती. ओडेलच्या गॅरेजच्या दारात पिकअप उलटी लावून रॉइस उभा होता. त्याच्या दोन्ही हातांवर गोधडीत गुंडाळलेलं एक लांबलचक बोचकं होतं आणि त्यातून रायफलचा दस्ता बाहेर आला होता. गोधडी त्याच्या बायकोची, व्हर्लीनची होती. तिला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

"कोणता रंग?" ओडेलनं विचारलं.

"आं?"

"रंग कोणता देतोयस, म्हटलं."

"पांढरा," रॉइस म्हणाला. मग जरा वेळानं, "केशरीच देणार होतो. पण मग तू दारात पाय ठेवायचा नाहीस."

ओडेल हसला. बोचकं त्यानं बाकावर उतरवून घेतलं. पाचही बंदुका एकेक उघडून आत काडतूस नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि आपल्या पोलादी तिजोरीत डाव्या अंगाला ओळीनं उभ्या केल्या. पुढे काही विचारलं नाही. कोल्टर्स मिल या गावात असं विचारत नाहीत. कुणाचा घटस्फोट कोर्टात असतो, कुणाची सुटलेली दारू पुन्हा सुरू होते, कुणाची झोप उडते. असा माणूस आपल्या बंदुका उचलून मित्राकडे नेतो आणि काहीतरी कारण सांगतो. घेणारा ते कारण खरं मानून चालतो. अलाबामाच्या त्या भागात दोघांचीही अब्रू राखायची हीच रीत होती, आणि ओडेलला ती चांगली ठाऊक होती.

एरवी ओडेल टिडवेल गप्प बसणाऱ्यातला नव्हता. बावीस वर्षं तो गावच्या हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरमागे उभा होता. खिळे घ्यायला आलेला माणूसही त्याचं मत ऐकल्याशिवाय बाहेर पडू शकत नसे. सहा गोळ्यांत काम झालं नाही तर सोळांतही होत नाही, कारण नेम नाही तो नेम नाही, म्हणून रिव्हॉल्वरच घ्यावं. प्लॅस्टिकचं पिस्तूल सहलीतल्या प्लॅस्टिकच्या चमच्याच्या लायकीचं. जो माणूस आधी दुर्बिणीची किंमत विचारतो आणि मग रायफलची, त्याला हरीण मिळत नाही, आणि मिळालंच तर ते म्हातारं असतं.

फुटबॉलबद्दल, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलबद्दल, तर विचारूच नका. चेंडू पोटाशी धरून, समोरची माणसं अंगावर घेत चार पावलं पुढे जाणं याला तो खेळ म्हणे. लांब फेकाफेक म्हणजे लॉटरीचं तिकीट. हल्लीची पोरं चार वर्षांत तीन कॉलेजं बदलतात, त्यांच्यापेक्षा आपला कुत्रा इमानी, असं तो कुत्र्यासमोर सांगे. लाल जर्सीवाल्या त्या विद्यापीठात तो स्वतः एक दिवसही शिकला नव्हता. तरी ते हरले की "आपण हरलो" म्हणे आणि सोमवारपर्यंत नीट जेवत नसे. बायको कधीच सोडून गेली होती. का गेलीस, असं कुणी विचारलं तर ती "शनिवार" एवढंच सांगे.

पण त्या काउंटरवर ओडेलचा एक गुण होता, आणि तो सगळ्या तालुक्याला माहीत होता. त्याला गिऱ्हाइकाचे डोळे वाचता येत. बावीस वर्षांत दोनदा असं झालं की माणसाची सगळी कागदपत्रं बरोबर, पैसे रोख, बोलणं शांत, आणि तरीही ओडेल म्हणाला, "या बंदुकीची स्प्रिंग नीट नाही. सोमवारी या." त्यातला एक जण पुढे वर्षभरानं केक घेऊन आला होता. कशाबद्दल ते दोघंही बोलले नाहीत.

रॉइस हॅम्रिक केशरीवाला होता, म्हणजे लालवाल्यांच्या हाडवैरी विद्यापीठाच्या बाजूचा. वीज कंपनीत तारा ओढण्यात त्याचा जन्म गेला होता. तो मोजकं बोलायचा, आणि ओडेल बोलेल ते ऐकून घ्यायचा, म्हणूनच ही मैत्री एकतीस वर्षं टिकली असं व्हर्लीन म्हणायची. हंगामातला प्रत्येक शनिवार ओडेलच्या गॅरेजमध्ये जाई. टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा आणि रेडिओ लावायचा. लाल आणि केशरी एकमेकांशी भिडले की अर्धा सामना लालवाल्यांचा रेडिओ आणि अर्धा केशरीवाल्यांचा. मधे उकडलेल्या शेंगांचं पातेलं. आणि त्या सामन्याची पैज ठरलेली होती. हरलेल्यानं जिंकलेल्याचं एक मागणं पुरवायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही. एका वर्षी ओडेलच्या दारातली टपालपेटी बारा महिने केशरी होती. एकदा रॉइसनं लाल टाय बांधून चर्चमध्ये वर्गणीची थाळी फिरवली होती.

त्या वर्षीचा सामना नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या शनिवारी झाला. सबंध शरदात रॉइस यायचा, बसायचा, चार शेंगा सोलून घरी जायचा. त्या दिवशी मात्र शेवटच्या मिनिटाला केशरीवाल्यांच्या एका आडदांड पोरानं चेंडू पोटाशी धरला आणि तिघांना अंगावर घेऊन तो रेषेपलीकडे पडला. पाच वर्षांनी ते जिंकले.

"बघ, पोटाशी धरून," रॉइस म्हणाला. "तुझ्याच मताप्रमाणे खेळलाय लेका. तक्रारीला जागा नाही ठेवली."

"आमच्या पोरांनी वाट सोडली म्हणून."

"आमच्या पोरानं वाट काढली म्हणून."

रॉइस हसत होता. मार्चपासून ओडेलनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. त्यानं दोनदा वाढून घेतलं, बोटं पुसली आणि उभा राहिला. आपला संघ हरल्याचं दुःख ओडेलला शोधूनही सापडेना. त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्याची त्यालाच लाज वाटली.

"बोल, काय मागतोस," तो म्हणाला. "टपालपेटी?"

"माझी थर्टी-थर्टी रायफल दे. हरणांचा हंगाम लागलाय."

ओडेलच्या ओठाशी एक प्रश्न आला. पण पैजेत का म्हणून विचारायचं नसतं. आणि आपला माणूस आपलीच रायफल मागतोय, तर नाही म्हणणं म्हणजे त्याला तोंडावर वेडा म्हणणं. त्यानं तिजोरी उघडली. व्हर्लीननं लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला दिलेली ती जुनी रायफल काढली, नळीतून तेलाचं फडकं फिरवलं, दस्ता पुसला. वर आपल्याकडची काडतुसांची एक पेटी ठेवली.

"ही माझ्याकडून. आणि बाकीच्या चार?"

"राहू देत. रंगाचं अजून व्हायचंय."

या वाक्यापाशी आपण थांबायला हवं होतं, हे ओडेलला नंतर कळलं. त्या क्षणी त्यानं फक्त मान हलवली. जाताना रॉइसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोही त्याला विजयाचाच वाटला.

मंगळवारी सकाळी शेजाऱ्याला रॉइस त्याच्या शेताच्या कडेला, कुंपणापाशी सापडला.

गाव भलं होतं. कुंपण ओलांडताना रायफल उडाली असं दुपारपर्यंत सगळ्यांचं ठरलं होतं. कागदावरही तसंच लिहिलं गेलं आणि पाद्रीबुवाही तसंच बोलले. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये हॅम, बटाट्याचं सॅलड आणि सात प्रकारचे केक मांडले होते. लोक एकमेकांना सांगत होते, एका पावलाचा फरक, बघा. ओडेल ताट हातात घेऊन भिंतीशी उभा होता. कुंपण आलं की आधी काडतुसं काढायची, रायफल पलीकडे आडवी निजवायची, चार पावलं बाजूला व्हायचं आणि मग तारेवरून पाय टाकायचा. हे रॉइसला त्यानंच शिकवलं होतं. पुढे एकतीस हंगामांत रॉइसनं एकदाही ते चुकवलं नव्हतं. ओडेल वैतागेल इतका वेळ लावायचा तो.

गुरुवारी दुकानात एक ओळखीचा माणूस आला. बायकोसाठी पिस्तूल हवं होतं, कुठलं घेऊ, असं त्यानं विचारलं. "मला नाही सांगता यायचं," ओडेल म्हणाला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. गिऱ्हाईक बराच वेळ काउंटरपाशी घुटमळलं. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

शनिवारी दुपारी रॉइसची मुलगी डार्ला आली. ती हंट्सव्हिलला शाळेत शिकवायची. मंगळवारपासून बापाच्या घरी होती. गॅरेजच्या दारातच ती उभी राहिली.

"ओडेलकाका, बाबांच्या चार बंदुका घरात नाहीत. विकल्या का हो त्यांनी?"

"नाही, माझ्याकडं आहेत." उत्तर त्यानं तीन दिवस घोकून ठेवलं होतं. "घराला रंग काढायचा म्हणत होता. ठेव म्हणाला थोडे दिवस."

"रंग."

"हो."

"काका, मी चार दिवस झाले त्या घरात राहतेय. एक भिंत रंगवलेली नाही. साधा ब्रश नाही घरात."

ओडेलनं हात पॅंटला पुसले. अपघात म्हटलं तर या पोरीला तो जन्मभर पुरला असता. वडील शिकारीला गेले आणि पाय घसरला, एवढ्यावर माणूस जगू शकतो. ते तिच्याकडून काढून घ्यायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, असं त्याला वाटलं. पण खोटं बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि निघालं ते खरंच.

"जुलैत घेऊन आला होता तो," ओडेल म्हणाला. "पाच होत्या. मला कळलं होतं का आणल्यात ते. मी काही बोललो नाही." "पाचवी त्यानं त्या शनिवारी मागितली. पैजेत. मी दिली. पुसून दिली, डार्ला. काडतुसं पण मीच दिली."

डार्ला आत आली आणि बाकाला टेकून उभी राहिली.

"तुम्ही लपवलं असतंत ना, तर मी त्या चार घेऊन गेले असते आणि पुन्हा या गावात आले नसते," ती म्हणाली. "मला माहीत होतं. ऑगस्टातच सांगितलं होतं त्यांनी. ओडेलकडे ठेवल्यात, म्हणाले, तिथं असल्या की मला झोप लागते."

"मग कुंपणाचं..."

"कुंपणाचं मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही. ते मला पण शिकवलंय त्यांनी. तुमच्याच पद्धतीनं."

ओडेलनं बाकावरचं तेलाचं फडकं उचललं आणि खुंटीला अडकवलं.

"रविवारी फोन आला होता त्यांचा. ओडेलनं रायफल परत दिली, म्हणाले. इतके खूश होते. मी म्हटलं, बरं झालं, जा रानात, मोकळ्या हवेत बरं वाटेल तुम्हाला." तिनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "मीच म्हटलं जा. इथं येताना रस्ताभर तुमच्यावर रागावायचं ठरवून आले. पण रागावायचं तर पहिला नंबर माझा लागतो."

"नाही गं पोरी. तुझा नाही."

"मग तुमचा तरी कसा?"

त्याचं उत्तर ओडेलकडे होतं, पण त्यानं ते तिला दिलं नाही. तो उठला. तिजोरी उघडून त्यानं डाव्या अंगाच्या चारही बंदुका तपासून तिच्या हातात दिल्या आणि तिनं त्या पिकअपमध्ये नेऊन ठेवल्या. ती परत आली तेव्हा तिजोरीचं दार तसंच उघडं होतं. ओडेलनं उजव्या अंगाच्याही काढायला घेतल्या होत्या. दोन शॉटगन, आजोबांची रायफल. बाकावर रिव्हॉल्वर उघडून ठेवलं होतं, रिकामं.

"या तुमच्या आहेत काका."

"थोडे दिवस ठेव," ओडेल म्हणाला. "गॅरेज जरा..." गॅरेजचं काय, ते त्याला सुचेना. इतकी वर्षं इतकी कारणं ऐकली होती, आता एकही आठवत नव्हतं. तो रिकाम्या तिजोरीकडे बघत उभा राहिला.

डार्लानं त्याच्या हातातली शॉटगन काढून घेतली आणि बाकावर ठेवली. मग कोल्टर्स मिलमध्ये कुणी कुणाला विचारत नाही ते तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात.

"काका, जीव द्यायचं मनात येतंय का?"

ओडेलचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यानं नाही म्हणायला मान उचलली, पण ती हलली नाही.

"येतं," तो म्हणाला. "सकाळी जास्त."

ती रडली नाही, जवळही आली नाही. तिनं एक खुर्ची ओढून त्याच्यासमोर ठेवली, त्याला दुसरीवर बसवलं आणि स्वतः बसली.

"या मी घेऊन जाते. आणि रोज फोन करेन," ती म्हणाली. "सकाळी किती वाजता?"

ओडेलनं थोडा विचार केला आणि तिला बरोबर वेळ सांगितली.