पोच्यात अडकलेला मनुका

मी साहेबाचा वाडगा बोलतोय. साहेब म्हणजे कुत्रा. रोज सकाळी शेपटी वर करून साऱ्या बेकरीची पाहणी करायचा, म्हणून साहेब.

जन्माने मी काही कुत्र्याचा नव्हे. भट्टीशेजारच्या तराजूवर बसून मी पिठाचं माप द्यायचो आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. एकदा बेकरीवाल्याच्या हातून फरशीवर आपटलो. बुडाशी खोल पोचा आला आणि त्याच दिवशी माझी रवानगी मागच्या दारी झाली. फार अपमान वाटला. पण साहेबाने पहिल्यांदा मला चाटून लख्ख केलं, तेव्हा माझा सगळा राग निवळला.

घर प्रेमळ, पण लपवाछपवीचं. साहेबाचं पोट सुटलं तेव्हा बेकरीवाल्याच्या बायकोने हुकूम सोडला, "दोन वेळचं जेवण, बस्स. वर एक तुकडा कुणी घातलात तर याद राखा." तेव्हापासून जो तो चोरून घालू लागला. ती स्वतःसुद्धा.

एक दिवस मनुक्यांचा पाव फसला. फुगलाच नाही. पाव टाकणं बेकरीवाल्याच्या जिवावर येतं. त्याने इकडेतिकडे बघत अर्धा पाव माझ्यात कुस्करला. "खा लेका. बाईसाहेबांना कळू देऊ नकोस." थोड्या वेळाने त्याची म्हातारी आई मुठीत तुकडा लपवून आली. मग बायको. प्रत्येकाला वाटलं, एवढ्याशाने काय होतंय! सगळं मिळून किती झालं ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नाही.

संध्याकाळपर्यंत साहेब ओकून ओकून आडवा झाला. तो दुसऱ्या कशातून पाणी पीत नाही, म्हणून म्हातारीने मलाही उचललं आणि तिघं दवाखान्यात धावली.

"काय खाल्लं याने?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नेहमीचंच," बेकरीवाला बायकोकडे न बघता म्हणाला.

"हो, नेहमीचंच," बायको सासूकडे न बघता म्हणाली. सासू साहेबाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी टेबलावर तळमळत होतो. ही माणसं एकमेकांच्या धाकाने त्याचा जीव घेणार होती. एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी मला उचलून आत पाहिलं. पोच्याच्या खळगीत साहेबाची जीभ पोहोचत नाही. तिथून त्यांनी बोटाने एक ओला मनुका उकरून काढला.

"मनुके? अहो, कुत्र्याला हे विष आहे! मूत्रपिंडं बंद पडतात. खरं सांगा, किती दिलेत?"

"अर्धा पाव," बेकरीवाला पुटपुटला.

"मी पण दिला रे," म्हातारीला रडू फुटलं.

"आणि मी," बायको साहेबाचा पंजा हातात घेत म्हणाली.

साहेबाला सलाईन लागलं. "द्राक्षं, मनुके, चॉकलेट, कांदा, लसूण, यातलं कणभरसुद्धा नाही," डॉक्टरीणबाई बजावत होत्या, पण तिघांचं लक्ष साहेबाच्या पोटाकडे होतं. ते हलतंय की नाही, एवढंच तिघं बघत होती.

साहेब वाचला. पण मूत्रपिंडं अधू झाली. आता त्याची पाहणी दारातल्या पायपुसण्यावरच संपते.

मला हल्ली रोज साबणाने घासतात. घालण्याआधी एकमेकांना विचारतात. तरी कुणाचा हात पुढे आला की मी धास्तावतो. साहेब मात्र होता तसाच आहे. माझ्यात काही पडल्याचा आवाज आला की लटपटत येतो आणि खाऊ लागतो. मला हात असते तर मी जोडले असते तुमच्यापुढे. काय घातलंय, हे तो बघतच नाही हो. तुम्ही घातलंय, एवढं त्याला पुरतं.