फळ्याचा खालचा अर्धा भाग

"थांबा मामा, पुसू नका. मला वाचू द्या आधी."

सिद्राममामांचा हात ओल्या फडक्यासकट तसाच थांबला. मागं मल्लप्पा उभा होता. दवाखान्यातल्या जागरणानं त्याचे डोळे तांबारले होते आणि हातात जेवणाचा रिकामा डबा होता. परवा सकाळी त्याची म्हातारी आई शिवम्मा समोरच्या बसथांब्याजवळ पडली होती.

फळा धुळाप्पाच्या पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर होता. भवानी पेठेतला माणूस दळण घेऊन आला की नंबर लागेपर्यंत तो फळा वाचत उभा राही. वरच्या अर्ध्या भागात बातम्या असत, नळाला पाणी कधी येणार इथपासून दिल्लीत काय झालं इथपर्यंत. मध्ये एक पांढरी रेघ, तिच्याखाली 'माझे मत' आणि शेवटी सही. मामा महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, तिथं रोज सुविचार लिहिता लिहिता त्यांचं अक्षर वळणदार झालं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा फळा धरला, त्याला चौदा वर्षं झाली. निवडणुका, बंद पडलेल्या मिल, लग्नातला डीजे, जुन्या लढाया, कशावरही मामांचं मत असे.

संध्याकाळी चार-दोन पोरं वह्या घेऊन फळ्याखाली बसत. मामा त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "खोडायचं तर एका रेघेनं खोड. खालचं दिसलं पाहिजे. गिरगटून ठेवलंस तर काय चुकलं ते तुलाच कळायचं नाही."

मल्लप्पा कालचं मत अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागला.

"काल आपल्या पेठेत एक म्हातारी रस्त्यात पडली. कंपनीच्या बसची वाट पाहणारी एक शिकलेली मुलगी तिला उचलायचं सोडून मोबाईलवर तिचं चित्र घेत होती. मिल बंद पडल्या तेव्हा शेजारी उपाशी असताना पेठेत कुणी घास घेत नव्हतं. आजच्या पिढीला माणूस दिसत नाही, फक्त चित्र दिसतं."

वाचून झाल्यावर तो म्हणाला, "ही पोरगी म्हंजे गोजरबाईची संघप्रिया, न्हवं?"

"मी नाव लिहिलं नाही."

"न लिवता समद्यांला कळलं की. माझ्या साडूनं ह्याचा फोटो मला दवाखान्यात धाडला."

मामांनी हातातलं फडकं खाली घेतलं.

"मामा, माझी आई कानडी. गावाकडनं येऊन दोन महिनं झालं, मराठी तिला येत न्हाय. पडली तवा ती वरडत हुती, 'एत्तब्याड, एत्तब्याड.' म्हंजे उचलू नका. लोकं उचलायला वाकले. त्या पोरीनं हात आडवा घातला. कंपनीत तिच्यासंगं अक्कलकोटची एक पोरगी हाय, तिला व्हिडिओ कॉल लावला आन् मोबाईल आईच्या तोंडापुढं धरला. कुटं दुकतंय ते कानडीत इचारून घेतलं. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणले, ओढून बसवलं असतं तर लई बिघडलं असतं."

"मला इथनं नुसता धरलेला मोबाईल दिसला," मामा म्हणाले.

"मी भांडाय न्हाय आलो. तुमचं लिवलेलं लोकं खरं मानत्यात, म्हणून सांगितलं." मल्लप्पा डबा घेऊन घराकडं गेला.

गिरणीच्या दारातून धुळाप्पानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या भुवयांवर पीठ बसलं होतं. "पुसा की मामा," तो म्हणाला. "पुसलं की संपलं."

चौदा वर्षं मामाही हेच मानत आले होते. सकाळी फडकं फिरवलं की कालचं मत गेलं. बरोबर असो, चूक असो.

"तुझ्या मोबाईलवर आलंय का हे?" त्यांनी विचारलं.

धुळाप्पानं हात झटकून मोबाईल काढला. फळ्याचा फोटो होता, खाली रडक्या तोंडांची चित्रं आणि शिव्या. "तीन ग्रुपवर हाय. अजून फिरायलंय बगा."

मामांनी फडक्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि ते गोजरबाईच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. तिनं 'या' म्हटलं नाही.

"संघप्रिया गेली का?"

"गेली. मागल्या चौकातनं बस धरती आता. हितल्या थांब्यावर पोरी 'फोटोवाली' म्हणत्यात तिला."

"मला माहीत नव्हतं, गोजरबाई."

"म्हाईत नव्हतं तर इचारायचं हुतं. माझी पोर तुमच्याच फळ्याखाली लिवायला शिकली. लांबची हाय व्हय ती?" हातातली काडी तिनं सुपाबाहेर टाकली. "आन् तवा तुमी कुटं हुता, मामा?"

"फळ्यापाशी. स्टुलावर."

"मग उतरून का न्हाय आलाव?"

मामा तिथूनच मागं फिरले. स्टुलावर उभ्या उभ्या त्यांना मताचं पहिलं वाक्य सुचलं होतं, आणि विसरू नये म्हणून ते मनात घोकत ते तिथंच उभे राहिले होते.

परत येऊन त्यांनी वरच्या सगळ्या बातम्या पुसल्या. खालच्या भागाला फडकं लावलं नाही. धुळाप्पा चक्की बंद करून बाहेर आला.

"मामा, डोकं फिरलंय का? आपल्या हातानं 'चुकलो' म्हणून लिवलं तर उद्या कोण वाचंल तुमचं? त्यो शिकवणीचा क्लासवाला ह्या भिंतीवर जाहिरातीचा फ्लेक्स लावायला रोज मागं लागलाय. लोकं फळा वाचत्यात म्हणून मी त्याला थोपवलंय."

"नाही वाचलं तर लाव त्याचा फ्लेक्स. मी काही म्हणणार नाही."

मतातल्या प्रत्येक ओळीवरून मामांनी एकेक आडवी रेघ ओढली. खालचं अक्षर न् अक्षर दिसत होतं. मग वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं:

"खालचे मत चूक आहे. संघप्रिया हिने शिवम्मा यांचे म्हणणे समजून घेण्यासाठी मोबाईल धरला होता. तिच्यामुळे त्यांची इजा वाढली नाही. मी लांबून पाहिले, कुणाला विचारले नाही. मी स्वतः स्टुलावरून उतरलो नाही. — सिद्राम"

दिवसभर दळणवाले वाचत होते. "मामांनाबी व्हॉट्सअ‍ॅप बाधलं की!" एक जण म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

संध्याकाळी संघप्रिया मागच्या चौकात उतरून आली. आईनं फोनवर सांगितलं असावं. खांद्यावर डब्याची पिशवी तशीच होती. तिनं सगळं वाचलं. खोडलेलंही वाचलं.

"काल माझं नाव लिवलं न्हवतं. आज कशाला लिवलं?"

"काल न लिहिता तुझं नाव झालं. आज लिहायलाच पाहिजे."

मग तिनं मोबाईल काढला. तो समोर धरताना तिचा हात क्षणभर अडखळला.

"काढ फोटो," मामा म्हणाले. "ते जिथं जिथं गेलं, तिथं हे धाड."

"हे तितक्या लांब जात न्हाय, मामा. तसलंच पळतंय."

"माहीत आहे. तरी धाड. खोडलेलं दिसतंय का बघ."

तिनं मोबाईल जवळ धरून पाहिलं. "दिसतंय," ती म्हणाली आणि घरी गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मामांनीही विचारलं नाही.

दोन दिवसांनी ती पुन्हा समोरच्या थांब्यावर उभी राहू लागली. फळ्यावर मात्र नवं मत आलं नाही. दळणवाले सवयीनं पाहत, तेच ते वाचत आणि मान वळवत. धुळाप्पानं आणखी काही दिवस वाट पाहिली. मग एका सकाळी पिठाचे हात पुशीत, दुसरीकडंच बघत तो म्हणाला, "सोमवारी क्लासवाल्याचा माणूस येतोय, मामा."

"बरं."

रविवारी मामा नेहमीच्या वेळेला आले. आठवड्यात उडालेल्या पिठानं अक्षरं फिकी झाली होती. त्यांनी खिशातून नवा खडू काढला आणि माफीचं एकेक अक्षर गिरवलं. मग खालचं चुकीचं मतही, एक वेलांटी न गाळता, तसंच गिरवलं. ते पुरं झाल्यावर ते जरा मागं सरले, सगळं नीट वाचता येतंय का ते पाहिलं, आणि मग पुन्हा पुढं होऊन प्रत्येक ओळीवरून एकेक सरळ रेघ ओढली.