उलट टीप

गुणाजी घाडीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे दहिसरच्या त्या चाळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उभा जन्म बेस्टमध्ये कंडक्टरकी केलेला माणूस. घरात मीठ मागितलं तरी नदीपलीकडे ऐकू जावं, असा आवाज. म्हणून तर त्याच्या लेकीने, रश्मीने, फायनलच्या आदल्या दिवशी कोलंबोहून फोन केला तेव्हा आधी विचारलं, "आई, पप्पा घरात आहेत का?"

नव्हते. मग ती म्हणाली, "इनरची दोन बोटं एकमेकांना शिवायचीत. कुठली टीप घालू?"

इनर म्हणजे विकेटकीपर ग्लोव्हच्या आत घालतात तो पातळ सुती हातमोजा. रश्मी शाळेत असल्यापासून तिचे इनर तिची आई जानकीच घरच्या मशीनवर शिवायची. आता लेक भारताच्या टीमची कीपर झाली, तिथे ढीगभर इनर फुकट मिळतात, पण हिला आईच्याच हातचे लागतात. जानकीने सवयीने उत्तर दिलं, "उलट टीप घाल, दोरा दुहेरी घे. मग उसवायचं नाव नाही." आणि बोलून झाल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन बोटं एकत्र कशाला शिवायची असतात?

उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट. सेमीफायनलला बॉल टोकावर बसला होता आणि बोट टम्म सुजलं होतं. रश्मीने गुपचूप बर्फ लावला, फिजिओसमोर हात खिशात घालून फिरली. शेजारच्या बोटाला बांधून घेतलं की निभेल, असा तिचा हिशेब.

"डॉक्टरांना दाखव आधी."

"दाखवलं तर बसवतील गं. दोन वर्षं बाकावर बसलेय मी, आई. उद्या फायनल आहे. आणि पप्पांना बोलू नकोस हां. संध्याकाळपर्यंत पेपरात येईल."

"आणि बोट कायमचं गेलं तर?"

"आई, प्लीज ना."

जानकीने कोणाला सांगितलं नाही. रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. लेकीचं बोट जाऊ द्यायचं की लेकीची फायनल, ह्यातलं एक तिने निवडलं होतं, आणि आपण चुकीचं निवडलं असं तिला सारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अर्धी चाळ घाड्यांच्या दोन खोल्यांत येऊन बसली. सहा देशांच्या बायकांची वनडे स्पर्धा, समोर न्यूझीलंड. रश्मीने घेऊन दिलेला मोठा टीव्ही भिंतीवर आणि त्याच्या पुढ्यात गुणाजी, जणू मॅच त्यानेच भरवली आहे. टीव्ही दिसायला झकास, पण चालायचा वायफायवर. नदीपलीकडच्या टॉवरमधली मंडळी डिशवर बघत होती. त्यामुळे विकेट पडली की आरोळी आधी टॉवरमधून यायची, आणि इथे बॉलर तेव्हा कुठे धाव घ्यायला वळत असायची. आपल्याच लेकीची मॅच आपल्याला शिळी मिळते म्हणून गुणाजीचा नुसता संताप झाला होता. त्याने खिडक्या लावून घेतल्या. दहा माणसं घामाने निथळायला लागल्यावर मुकाट्याने उघडल्या.

भारताची बॅटिंग होईपर्यंत जानकी बरी होती. दुपारनंतर रश्मी ग्लोव्ह घालून मैदानात आली, आणि जानकीला बॉल दिसेनासा झाला. तिला फक्त एक ग्लोव्ह दिसत होता, उजवा. दर बॉलला तिचा स्वतःचा हात पदराखाली मिटत होता. शेजारच्या सोनूबाईने विचारलंसुद्धा, "जानकी, चेहरा का असा गं? झोप नाही झाली का?"

"टेन्शन आलंय," जानकी म्हणाली. ते खोटं नव्हतं.

न्यूझीलंडची कॅप्टन जम बसवत असतानाच तिच्या बॅटची कड लागली. सोपा कॅच, उजव्या बाजूला. रश्मीने झेप घेतली, बॉल ग्लोव्हमध्ये गेला आणि बाहेर पडला. टॉवरमधून 'अरेरे' आधीच ऐकू आलं होतं, तरी खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडून पुन्हा तेच निघालं. रश्मी क्षणभर गुडघ्यांवर राहिली. उजवा हात तिने छातीशी धरला आणि लगेच सोडून दिला. ते एका जानकीनेच पाहिलं.

"हाताक भोकां पडली काय गो तुझ्या?" गुणाजी टीव्हीवर खेकसला. चिडला की तो थेट मालवणीत शिरायचा. "शाळेतला पोर पकडीत हो कॅच! नाक कापलंस माझा!"

"गुणाजी, शांत बस ना यार," सोनूबाईचा नवरा भीमराज म्हणाला. "होतं असं."

"काय होता? ह्या हातांका मी शिकवलंय!"

शिकवलं होतंच. चाळीच्या मागे, विटांचे स्टंप लावून. बॉल हाताला लागला की पोर हात पाठीमागे लपवायची, आणि गुणाजी तिकडे न बघता म्हणायचा, "काय झाला नाय, चल, दुसरो बॉल." रात्री जानकी त्या हाताला हळद लावायची. आता सांगावं, ओरडून सांगावं, असं जानकीला वाटलं. माझी पोर मोडलेल्या बोटाने उभी आहे, गप्प बसा सगळे.  पण सांगितलं असतं तर ह्या माणसाने आत्ता तिथल्या कोचला फोन लावला असता.

जीवदान मिळालेली कॅप्टन आऊट होईना. एकेक ओव्हर सरत गेली, खोलीतली बडबड बंद पडली, सोनूबाईने आणलेली भजी गार झाली. शेवटच्या ओव्हरला कॅप्टन अजून खेळतच होती. आणि मग एकच बॉल उरला. न्यूझीलंडला दोन रन हवे होते, एक झाला तर बरोबरी. स्ट्राइकवर नवीनच आलेली पोरगी, आणि कॅप्टन समोरच्या टोकाला, पळायच्या तयारीत.

"ग्लोव्ह काढ," गुणाजी पुटपुटला. मग मोठ्याने, "रश्मी, उजवो ग्लोव्ह काढ गो!"

 हे जानकीच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटच्या बॉलला बॅट नाही लागली तरी पोरी धावणार, मग कीपरने स्टंपवर मारायचं, आणि ग्लोव्ह घालून नेम बसत नाही. म्हणून उजवा हात आधीच मोकळा ठेवायचा. हा धडा गुणाजीनेच विटांच्या स्टंपामागे दिला होता.

"नको काढू," जानकी म्हणाली. तिचं कोणी ऐकलं नाही.

टीव्हीवर आपली बॉलर अजून आपल्या कॅप्टनशी बोलत होती, आणि टॉवर फुटला. शिट्ट्या, थाळ्या, पहिला फटाका. अशी आरोळी हरल्यावर कोणी मारत नाही. घाड्यांच्या खोलीत भीमराज ओरडला, "जिंकलो रे!" मग काय विचारता. खोली रिकामी. गॅलरीत नाच सुरू. सोनूबाईने जानकीला ओढून पाहिलं आणि हात सोडून ती पण पळाली.

जानकी टीव्हीसमोरून हलली नाही. देश जिंकला हे तिला कळलं होतं. तिला जे हवं होतं ते त्या आरोळीत नव्हतं.

"जानकी, भायर ये गो!" गुणाजी तिला न्यायला आत आला, आणि त्याची नजर टीव्हीवर गेली. "बघ, बघ! काढल्यान! माझा ऐकल्यान!"

रश्मीने उजवा ग्लोव्ह काढून कमरेला खोचला होता. आत पांढरा इनर, आणि त्याची दोन बोटं एकमेकांना शिवलेली. तिने ती फाकवून बघितली. फाकली नाहीत. दातांत दोरा धरून ओढला. उलट टीप, दुहेरी दोरा. उसवली नाही. मग तिने डाव्या हाताने अख्खा इनरच उपसून काढला, आणि कॅमेरा नेमका तिथे होता. काळंनिळं, दुप्पट झालेलं, एका अंगाला कललेलं बोट.

गुणाजी उभ्याचा खाली बसला.

बॉलर धावली. बॅट हवेत फिरली, बॉल रश्मीच्या डाव्या ग्लोव्हमध्ये. कॅप्टन समोरून सुसाट येत होती. रश्मीने उघड्या हाताने बॉल घेतला आणि फेकला. मधली दांडी उडाली. सगळ्या पोरी तिच्याकडे धावत आल्या, आणि ती मात्र हात काखेत दाबून ओणवी झाली होती.

"तुका ठावक होता?" गुणाजीने विचारलं. त्याचा आवाज जानकीला ओळखू आला नाही.

"होता. टाके मीच सांगलंय, कसे घालूचे ते." तिला रडू फुटलं. "माका शिव्या घाल. मी गप बसलंय."

त्याने शिव्या घातल्या नाहीत. बाहेरून भीमराज "कीपरचा बाप कुठे गेला?" म्हणून हाका मारत होता. टीव्हीवर कॅमेरा रश्मीच्या तोंडाशी आला. डोळे पुसत ती हसली, आपल्या घरात आत्ता कोण बघतंय हे जणू तिला आठवलं, आणि तिने उजवा हात हळूच पाठीमागे नेला.

गुणाजी उठून टीव्हीजवळ गेला. त्याचं स्वतःचं बोट पडद्याच्या काचेला लागेल इतका जवळ.

"दाखव गो बाय," तो म्हणाला, इतक्या हळू की शेजारी उभ्या जानकीलाच काय ते ऐकू आलं. "हात दाखव. मी बघतंय."

पण कॅमेरा तोवर कपाकडे वळला होता.