डाव्या पिळाचा फास

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. आज दोन भावांची गोष्ट सांगतो. ती सांगायला माझ्याइतकी पापी जीभ दुसरी नाही.

मी एक जुना तारेचा फास आहे. नाईल नदी जिथे खडकाच्या चिंचोळ्या फटीतून कोसळते, त्या अभयारण्यात मी लटकत असे. ओजारा नावाच्या चोरट्या शिकाऱ्याने मालमोटारीचे टायर जाळून माझ्या तारा काढल्या आणि पिळल्या. तो डावखुरा, म्हणून त्याचा पीळ उलटा पडे. खोटे बोलून देव भेटत नाही, म्हणून सांगतो: मी हरणांचे गळे कापले. एका तरसाने सुटण्यासाठी स्वतःचाच पाय चावून तोडला. तो पाय माझ्यात राहिला. ओजारा म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!"

त्याचा धाकटा भाऊ लाबेजा तिथेच वनरक्षक होता. स्तोत्रे गात तो पाहुण्यांना धबधब्याकडे नेई. डाव्या पिळाचा फास दिसला की कुणालाही न सांगता खिशात घाली आणि संध्याकाळी भावापुढे टाकी.

"दादा, हे तुझं पडलं होतं वाटेत."

"आला सरकारी पोपट! मांस चापताना नाही आठवत ते स्तोत्र?"

"एखादा फास मला दिसलाच नाही तर?"

"तर रेडा शिजेल. तू ताट घेऊन ये!"

आई म्हणे, "भांडा मेल्यांनो, पण आधी गिळा."

एकदा उंच गवतात मी खरोखरच लाबेजाला दिसलो नाही. माझ्यात रानरेडा अडकला. तीन दिवस तो हिसके देत होता आणि मी त्याच्या पायात हाडापर्यंत रुतत होतो. चौथ्या सकाळी त्याने मला बांधलेला खुंटच उपटला. नेमका तेव्हाच लाबेजा पाहुण्यांना घेऊन आला.

"झाडावर चढा!" असे ओरडत तो रेड्याला आडवा गेला. बंदूक उचलेपर्यंत शिंग पोटात घुसले. रेड्याने त्याला आपटले, तुडवले, पुन्हा तुडवले. मित्रांनो, मी त्याच पायात होतो. प्रत्येक घावाबरोबर मीही त्याच्यावर पडत होतो.

पाहुणे वाचले. बाकीच्या वनरक्षकांनी रेड्याला गोळी घालून मला काढले. घरच्या अंगणात प्रेताशेजारी अधिकाऱ्याने विचारले, "फास कुणाचा?"

घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हते. लाबेजाने कधी तोंड उघडलेच नव्हते. ओजारा गप्प राहिला असता तर सुटला असता. पण त्याने डावा हात पुढे केला. "माझा, साहेब. पीळ बघा. माझा भाऊ ओळखायचा."

सहा वर्षांनी तो तुरुंगातून आला, तेव्हा आईने रीतीप्रमाणे उंबऱ्यासमोर कच्चे अंडे ठेवले होते. डाग घेऊन परतणाऱ्याने ते फोडूनच आत यायचे. ओजाराचा पाय उचलेना.

"आई, मी तुझा लेक मारला."

"मारलास. आता दुसराही मारू नकोस. टाक पाय, कालवण निवतंय."

अंडे फुटले, आणि माणूसही.

आता ओजारा रोज जंगलातले फास उपटतो आणि लाबेजाचे स्तोत्र बेसूर गातो. मला त्याने धबधब्याच्या वाटेवर खिळ्याला टांगले आहे. मी गंजलो आहे, पण पीळ अजून डावाच आहे. मित्रांनो, रानात तार दिसली तर ओलांडून जाऊ नका, उपटा. आणि कधी त्या कोसळत्या पाण्यापुढे उभे राहिलात, तर तिथवर गात नेणाऱ्या लाबेजाची आठवण काढा.