स्वराचं पोट

नवागामच्या त्या दोन खोल्यांच्या घरात दोन लेकरं एकाच सुमारास उष्टावली होती. सुषमाची स्वरा आणि तिच्या धाकट्या जावेचा, चंचलचा देवांश. देवांश वाटीभर खिचडी मटकावायचा. गाल असे, की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे जावा. सासूबाई मालतीबाई आल्यागेल्याला सांगत, "दख, चंचलना पोऱ्या कसा गुटगुटीत दिखस!" स्वराचं नाव त्यांच्या तोंडी येत नसे, आणि सुषमाचा जीव जळे.

मग तिने चंगच बांधला. घट्ट भात, केळं, दुधात कुस्करलेली बिस्किटं. पोरीला भूक राहावी म्हणून तिने अंगावरचं दूधही कमी केलं. स्वरा तोंड फिरवायची, ही गाल दाबून चमचा आत सारायची.

थोड्याच दिवसांत स्वराची शी अडली. कुंथून कुंथून चेहरा लालबुंद व्हायचा आणि मोठ्या मुश्किलीने लेंडीसारखा कडक खडा पडायचा. पलीकडे देवांश हसत हसत लंगोट भरायचा. सुषमाला त्या भरल्या लंगोटाचाही हेवा वाटू लागला. असला हेवा सांगायचा तरी कुणाला?

"ताई, स्वराला घोट घोट पाणी देता का?" चंचलने एकदा विचारलं.

"तुझा देवांश तुला लखलाभ. माझ्या पोरीचं मी बघते."

एका दुपारी स्वराचं रडणं थांबेना. मालतीबाईंनी साबणाची वडी तासून बारीक कांडी केली. "हाई लाव, पोट मोकळं व्हई जाई." सुषमाने कांडी हातात घेतली. चंचलचा सल्ला घेण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं.

चंचलने ती कांडी हिसकावूनच घेतली. "आतून आग होईल पोरीची! ताई, उठा. मी रिक्षा थांबवते."

सासूसमोर आवाज चढवायची हिंमत सुषमाला कधी झाली नव्हती. चंचलच्या त्या हिमतीचाही तिला हेवा वाटला. पण ती उठली.

पर्वत पाटिया भागातल्या डॉक्टरीणबाईंनी स्वराचं पोट चाचपलं. "बिस्किटं बंद. अंगावरचं दूध भरपूर पाजा. जेवणासोबत उकळून गार केलेलं पाणी थोडं थोडं द्या. पातळ वरण, शिजवलेली भाजी, कुस्करलेली पपई किंवा नाशपाती. पाय सायकल चालवल्यासारखे हलवा. साबण नाही, एरंडेल नाही. पोट फुगलं, उलट्या झाल्या, रक्त दिसलं, तर लगेच या."

सुषमाने निमूटपणे सगळं केलं. तिसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापत होती. स्वरा चंचलच्या मांडीवर होती, चंचल तिचे पाय हलवत होती.

"ताई, झाली! या लवकर!"

सुषमा पिठाच्या हातांनी धावली. चंचलची साडी पार भरली होती, आणि स्वरा खिदळत होती. सुषमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"चंचलना हातले यश शे," मालतीबाई कौतुकाने म्हणाल्या.

सुषमाला पुन्हा तीच कळ आली. माझ्या मांडीवर का नाही झाली? तिने लेकीला उचलून घट्ट छातीशी धरलं. मग चंचलला म्हणाली, "साडी बदल. ती मी धुते."

"राहू द्या ना ताई."

"बदल म्हटलं ना!" सुषमा खेकसली, आणि स्वराला कडेवर घेऊनच बादली भरायला गेली.