मागच्या सीटचं वजन

दोन हजार सोळा साल होतं. मोटारसायकलच्या पुढच्या गार्डला डावीकडचा दिवा आवळता आवळता फ्यूजने मान वर न करताच विचारलं,

"मागे कोण बसतं?"

गाडीच्या मालकाला सगळे कॅप्टन म्हणत. तो कुठल्या जहाजावर नव्हता. पाण्याचे मीटर दुरुस्त करायच्या खात्यात होता. पण रविवारी पहाटे काही मित्र गाड्या काढून लांब फिरायला जात आणि त्यात याची गाडी सगळ्यांत पुढे असे, म्हणून कॅप्टन. पुढच्या माणसाला उजेड जास्त लागतो, असं त्याने स्वतःला पटवलं होतं आणि हे दोन जादा एलईडी दिवे हौसेने मागवले होते. दिसायला मुठीएवढे, पण पेटले की डोळ्यांपुढे काजवे चमकावेत असे.

"अरे, मागे कोण बसतं?" फ्यूजने पुन्हा विचारलं. हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा आणि चटकन भडकायचा, म्हणून ते नाव.

"त्याचं काय?"

"लेका, दिवे कुठे मारायचे ते ठरवायला नको? मागे माणूस बसलं की गाडीचं बूड दबतं आणि तोंड वर होतं. मग उजेड रस्त्यावर पडत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडी एकट्याची की दोघांची, तेवढं सांग."

"कोणी नाही बसत," कॅप्टन म्हणाला. "एकट्याचीच आहे."

बोलून वळला, तर दारात बायको उभी. हातात चहाचा थर्मास, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. ती घरी कपडे शिवायची आणि फ्यूजचं दुकान घरामागच्याच गल्लीत होतं. केव्हाची येऊन उभी होती कुणास ठाऊक.

"गरम आहे तोवर घ्या," ती म्हणाली. थर्मास बाकावर ठेवला आणि गेली.

कॅप्टन बराच वेळ चहा फुंकत बसला. इतका काही तो गरम नव्हता.

मग फ्यूजने गाडी भिंतीसमोर उभी केली. हेडलाइटच्या उंचीला भिंतीवर खडूची आडवी रेघ मारली आणि कॅप्टनला गाडीवर बसायला सांगितलं. नव्या दिव्यांचे दोन पांढरे गोळे भिंतीवर उमटले. पाना फिरवत फिरवत त्याने ते रेघेच्या खाली ओढून आणले आणि हात पुसले.

"झालं. एकट्याची गाडी."

कॅप्टनची बायको पूर्वी एकदा त्या रविवारच्या मंडळींबरोबर गेली होती. अंगाने चांगली भरलेली बाई, हसली तर खिडकीच्या काचा वाजाव्यात असं हसू. वाटेत मागचं चाक पंक्चर झालं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "टायरने बिचाऱ्याने हात टेकले!" सगळे हसले. तीही हसली. हसता हसता नवऱ्याकडे पाहिलं, तर तोही हसत होता, आणि इतरांपेक्षा जरा मोठ्यानेच. त्यानंतर कुठे जायची गोष्ट निघाली की तो म्हणायचा, "रस्ता खराब आहे, तुझी पाठ धरेल." ती म्हणायची, "हो, धरेल." मग ती आपली बसने जायची.

दिवे बसवले त्याच आठवड्यात बसवाल्यांनी संप केला, आणि नेमकी तिची बहीण घसरून पडली, हात मोडून बसली. दिवेलागणीला निरोप आला. बायको पिशवी भरून दाराशी उभी राहिली, पण चल म्हणाली नाही. कॅप्टननेच किल्ली उचलली.

"बसले," ती मागून म्हणाली. त्याच्या खांद्याला तिने हात लावला नाही. सीटमागचा दांडा धरून बसली.

वस्ती मागे पडली तसे त्याने नवे दिवे लावले. रस्ता धुतल्यासारखा पांढरा झाला. त्याला मनातून बरं वाटलं. समोरून आलेला पहिला गाडीवाला दिवे उघडझाप करत गेला. दुसऱ्याने शिवी हासडली.

"नवीन वस्तू बघवत नाही लोकांना," कॅप्टन म्हणाला.



तिसरा एक सायकलवाला होता, म्हातारा. त्याने डोळ्यांवर हात धरला, सायकल कडेच्या खडीत गेली आणि तो गुडघ्यावर आपटला. कॅप्टनने करकचून ब्रेक दाबला.

"लागलं का हो, काका?"

"सूर्य बांधून फिरतोस का रे गाडीला?" म्हातारा डोळे चोळत ओरडला. "रस्ताच दिसेना मला!"

"नाही हो, नीट लावून घेतलेत. भिंतीवर रेघ मारून. असं कसं झालं तेच..."

"एकट्याला लावलेत ना ते," मागून बायको म्हणाली. आवाज अगदी साधा, कपड्याचं माप सांगावं तसा. "आज मी बसलेय."

कॅप्टनच्या कानांच्या पाळ्या तापल्या. दिव्यांचं बटण त्याच्या अंगठ्याखालीच होतं, पण ते सापडेना. तोवर ती उतरून म्हाताऱ्याची सायकल उभी करत होती, त्याच्या गुडघ्यावरची माती पदराने झटकत होती, आणि त्या दोघांच्याही अंगावर तो पांढराशुभ्र उजेड पडला होता.

"बंद करा," ती म्हणाली. "आपल्याला साधा दिवा पुरे."

दुसऱ्या दिवशी तो शिवणयंत्रापाशी जाऊन उभा राहिला.

"जरा फ्यूजकडे येतेस?"

"कशाला?"

"बसायला."

तिने दोरा तोडला, चष्मा काढून ठेवला आणि आली.

फ्यूजने कॅप्टनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याला जे म्हणायचं होतं ते गिळलं. भडकणाऱ्या माणसाला ते किती जड गेलं असेल!

"वहिनी, बसा. पण नीट बसा हं, अंग चोरून नको. नाहीतर माझं माप चुकेल."

"सगळी बसू?"

"सगळ्या बसा."

ती हसली आणि बसली. गाडी मागे दबली. भिंतीवरचे गोळे रेघ ओलांडून वर चढले. फ्यूज पाना फिरवत राहिला. कॅप्टन हँडल धरून समोर बघत होता. मागे वळून बघायचं त्याला जमलं नाही.

"रविवारी येशील?" परतताना त्याने विचारलं.

"रविवारी कामं असतात माझी," ती म्हणाली. रागाने नाही. ती त्यानंतर कधीच गेली नाही, आणि त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दोघांना लावलेले दिवे एकट्याला तोकडे पडतात. उजेड पुढच्या चाकाच्या जरासाच पुढे सांडतो. मित्रांनी विचारलं, "कॅप्टन, रस्त्यात काही हरवलंय का तुझं?" तो हसला नाही. हळूहळू तो पुढचा मागे राहू लागला, आणि पुढे रविवारी जाणंच सुटलं. ती मंडळीही पांगली. फ्यूज मुलीकडे राहायला गेला. त्याच्या दुकानात आता औषधं मिळतात आणि त्या भिंतीला रंग लागला आहे. बहिणीचा हात सांधला, थोडा वाकडाच.

निवृत्तीनंतर कॅप्टनने गाडी विकायला काढली. बघायला आलेल्या माणसाने दिवे लावून पाहिले आणि तोंड वाकडं केलं.

"दिवे चांगले आहेत हो, पण इतके खाली का मारलेत? काही दिसायचं नाही असं."

आत शिवणयंत्र चालू होतं.

"दोघांची गाडी आहे," कॅप्टन म्हणाला.

आतलं यंत्र थांबलं. मग थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं.