डायनासोरच्या दातांतलं मांस

कुंभकोणमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सीतालक्ष्मीने प्रदर्शनात मांसाहारी डायनासोरचा पुतळा उभा केला होता. गर्दी जमावी म्हणून तिच्या धाकट्या भावाने, राजगोपालने, पुतळ्याच्या जबड्यात बकऱ्याचं खरं मांस कोंबलं. दुसऱ्या दिवशी घाण सुटली, माशा घोंगावू लागल्या.

"काढ ते!" जन्मात मांसाला न शिवलेली सीतालक्ष्मी नाक दाबून ओरडली.

"आता मला शिसारी येते, अक्का."

शेवटी तिनेच चिमटा हातात घेतला. दातांच्या करवती कडांत कुजलेले तंतू रुतले होते. वर्गात ती याच दातांचं कौतुक करायची. हिरवट पाणी मनगटावर ओघळलं, तशी ती नळाकडे धावली आणि भडाभडा ओकली.

परतल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं, "मिस, दात असे का असतात?"

"मांस फाडायला," एवढंच ती कसंबसं बोलली.